कडू कंद आणि दाद न देणारे जिवाणू



तत्त्वज्ञान शिकवणारा माणूस बोलायला उभा राहिला की लोकांना वाटतं, आता हा आत्मा, ब्रह्म, मोक्ष असं काहीतरी काढणार. घाबरू नका. आज आपण एका कंदाबद्दल बोलणार आहोत. तो कंद तुमच्या ओळखीचा आहे, आमच्यापेक्षा जास्त ओळखीचा आहे. म्हणून तर हा विषय आम्ही चिचगडसाठी राखून ठेवला होता.

सुरुवात मात्र आमच्याच दुखण्यापासून करावी लागेल. दोन वर्षांपूर्वी आम्हाला लघवीचा संसर्ग झाला. ताप, थंडी, जळजळ. या वयात होतं असं. गोळ्या घेतल्या, उतार नाही. दुसऱ्या गोळ्या घेतल्या, तरी नाही. मग डॉक्टरीणबाईंनी लघवीचं कल्चर करायला सांगितलं. तीन दिवसांनी रिपोर्ट आला. तुमच्यापैकी ज्यांनी तो पाहिला असेल त्यांना माहीत आहे. डाव्या बाजूला औषधांची नावं आणि प्रत्येकासमोर एक इंग्रजी अक्षर. ‘एस’ असेल तर त्या औषधाने जिवाणू मरतो. ‘आर’ असेल तर तो त्या औषधाला दाद देत नाही. आमच्या रिपोर्टात वरून खाली आर, आर, आर. तळाशी दोन एस, आणि ती दोन्ही औषधं शिरेतून द्यायची.

त्याच दिवशी एक शेजारी प्रेमाने एक पुडी घेऊन आले. वाराहीकंदाचं चूर्ण. म्हणाले, जंगलचं आहे, शुद्ध आहे, पुण्याच्या शास्त्रज्ञांनीही याच्यावर शोध लावलाय. आम्ही चार दिवस ते घेतलं. डॉक्टरीणबाईंना सांगितलं तेव्हा त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं आणि सलाईन लावायच्या आधी यकृताची तपासणी करून आणायला सांगितली. तपासणी ठीक निघाली, इंजेक्शनांनी संसर्गही गेला. पण आम्हाला तेव्हा राग आला होता. मूत्रमार्गाचं दुखणं, यात यकृत कुठून आलं? आणि शेजारी सांगत होते तो पुण्याचा शोध खरा की खोटा? या दोन प्रश्नांच्या मागे लागून आम्ही जे वाचलं, ते आज सांगायचं आहे.

आता थोडं मागे जाऊ. पेनिसिलिनचा शोध १९२८ सालचा, अलेक्झांडर फ्लेमिंगचा. १९४५ साली त्यांना नोबेल मिळालं आणि त्या वेळच्या भाषणातच त्यांनी इशारा दिला होता: औषध कमी मात्रेत, अर्धवट घेतलं तर जिवाणू त्याला सरावतील. म्हणजे औषध जगात नीट पोचायच्या आधीच त्याच्या अंताची सूचना मिळाली होती. आपल्याकडे १९५४ साली पुण्याजवळ पिंपरीला हिंदुस्तान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला आणि पेनिसिलिन इथेच होऊ लागलं. आमच्या लहानपणी पेनिसिलिनचं इंजेक्शन म्हणजे जवळजवळ चमत्कार होता. वाटायचं, जंतूंचा विषय संपला.

तो संपला नव्हता, हे जपानमध्ये उघड झालं. युद्धानंतर तिथे रक्ती हगवणीच्या साथी चालू होत्या. शिगेला नावाचा जिवाणू. सल्फा औषधं आधी चालली, मग चालेनाशी झाली. म्हणून नवी प्रतिजैविकं आली. १९५५ साली एका रुग्णात असा शिगेला सापडला की तो सल्फा, स्ट्रेप्टोमायसिन, क्लोरॅम्फेनिकॉल आणि टेट्रासायक्लिन या चौघांनाही एकदम दाद देईना. आता विचार करा. एकेका औषधाला हळूहळू सरावणं समजू शकतं. चार औषधांचा प्रतिकार एकाच वेळी कसा येईल?

१९५९ साली जपानी संशोधकांनी उत्तर शोधलं. आपल्या आतड्यात राहणारा साधा ई. कोलाय जिवाणू हा प्रतिकार शिगेलाला देऊ शकतो. बापाकडून मुलाकडे नव्हे, शेजाऱ्याकडून शेजाऱ्याकडे. त्सुतोमु वातानाबे यांनी १९६३ साली या सगळ्याचा आढावा इंग्रजीत लिहिला, तेव्हा बाकी जगाचे डोळे उघडले. जिवाणूच्या मुख्य गुणसूत्राबाहेर डीएनएच्या छोट्या गोल कड्या असतात. त्यांना प्लाझ्मिड म्हणतात. हे नाव जोशुआ लेडरबर्ग यांनी १९५२ साली दिलं होतं. या कडीवर चार-चार औषधांच्या प्रतिकाराची सूचना एकत्र लिहिलेली असू शकते. एक जिवाणू ती कडी दुसऱ्याला देतो आणि स्वतःजवळही ठेवतो. विद्या दिल्याने कमी होत नाही म्हणतात ना, तसंच. फक्त इथे ती विद्या आपल्या मुळावर आलेली.

मग शास्त्रज्ञांना सुचलं: जिवाणू मारता येत नसेल तर त्याच्याकडची कडीच काढून घेतली तर? तो जिवंत राहील, पण नि:शस्त्र होईल. मग जुनंच साधं औषध त्याला पुरेल. १९६० च्या सुमारास दिसलं की ॲक्रिडीन जातीच्या रंगद्रव्यांनी काही जिवाणूंच्या कड्या गळून पडतात. कल्पना खरी ठरली. पण हे रंग डीएनएलाच चिकटतात, आणि डीएनए आपल्यातही आहे. माणसाला ते पाजता येत नाहीत. त्यामुळे कल्पना प्रयोगशाळेतच राहिली.

इथे वनस्पती येतात. झाडाला पाय नाहीत, ते पळून जात नाही. त्याच्या मुळाशी, पानावर, जखमेत जिवाणू सतत असतात. मग झाड त्यांच्याशी कसं लढतं? याचं एक सुंदर उत्तर २००० साली अमेरिकेत मिळालं. दारुहळदीच्या जातीतल्या झाडांत बर्बेरिन नावाचं पिवळं कडू द्रव्य असतं. आपल्याकडचं रसांजन दारुहळदीपासूनच करतात. बर्बेरिन जिवाणू मारू शकतं, पण पू करणारा स्टॅफिलोकॉकस ते आत आलं की पंपाने बाहेर फेकतो. विहिरीतलं पाणी उपसावं तसं. फ्रँक स्टर्मिट्झ आणि किम लुईस यांच्या गटाला दिसलं की अमेरिकेतल्या दारुहळदीच्या एका जातीत, त्याच झाडात, आणखी एक द्रव्य असतं. ते स्वतः जिवाणूला मारत नाही. ते फक्त पंप अडकवतं. एक द्रव्य मारायला, दुसरं दार धरून ठेवायला.

यात आपल्यासाठी एक गंमत आहे. पंप अडकवणारं ते द्रव्य याआधी चौलमुग्रा तेलात थोड्या प्रमाणात सापडलेलं होतं. ज्या कुळातल्या झाडांच्या बियांपासून ते तेल निघतं, त्यातलं एक झाड म्हणजे सह्याद्रीतलं आपलं कडू कवठ. हे तेल म्हणजे डॅप्सोन येण्याआधीच्या काळातलं कुष्ठरोगावरचं मुख्य औषध. विदर्भाला कुष्ठरोगाचा इतिहास सांगायला नको. वर्ध्याजवळच्या दत्तपूरपासून वरोऱ्याच्या आनंदवनापर्यंत तो आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. तेलाच्या इंजेक्शनांनी गाठी यायच्या, दुखायचं, आणि गुण येईलच असा भरवसा नसायचा. १९४० च्या दशकात डॅप्सोन आलं, तेल मागे पडलं. मग १९६४ साली डॅप्सोनलाही दाद न देणारा कुष्ठाचा जिवाणू असल्याचं सिद्ध झालं. अखेर १९८२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एकाऐवजी अनेक औषधं एकत्र द्यायची पद्धत सुचवली, आणि तिनेच रोग आटोक्यात आणला. लक्षात घ्या, एकट्या औषधाने जे जमलं नाही ते जोडीने जमलं. दारुहळद हेच करत होती.

आता पुण्याचा शोध. शेजारी खोटं बोलत नव्हते. २००८ साली वर्षा श्रीराम आणि त्यांच्या पुण्यातल्या सहकाऱ्यांनी प्रतिजैविकांवरच्या एका आंतरराष्ट्रीय नियतकालिकात निबंध प्रसिद्ध केला. त्यांनी घेतलेली वनस्पती होती डायोस्कोरिया बल्बिफेरा. कोकणात कडू करांदा, आयुर्वेदात वाराहीकंद, आपल्याकडे मटारूच्या वेलाची जंगली, कडू बहीण. हृदयाच्या आकाराची पानं आणि पानाच्या बेचक्यात लोंबणारे बटाट्यासारखे कंद. त्या कंदातून त्यांनी एक द्रव्य वेगळं केलं. नाव लांबलचक आहे, एकदाच सांगतो: ८-एपिडायोसबल्बिन ई ॲसिटेट. आपण त्याला ‘कडू द्रव्य’ म्हणू.

या कडू द्रव्याने जिवाणूंच्या कड्या गळल्या. रुग्णांकडून मिळालेल्या, अनेक औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंत, म्हणजे ई. कोलाय, शिगेला, स्यूडोमोनास, एन्टेरोकॉकस यांत, १२ ते ४८ टक्के पेशींनी आपलं प्रतिकाराचं प्लाझ्मिड गमावलं. त्यानंतर त्यांना मारायला प्रतिजैविकाची मात्रा कमी लागू लागली. ॲक्रिडीनने जे दाखवलं होतं ते आता एका जंगली कंदाने केलं. माणसाच्या पेशींवर, म्हणजे प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्करोगाच्या तीन प्रकारच्या पेशींवर, त्याचा विषारी परिणामही दिसला नाही. संशोधकांनी लिहिलं की औषध शोधण्यासाठी हा एक चांगला धागा आहे. धागा, हा शब्द महत्त्वाचा आहे. औषध सापडलं, असं त्यांनी म्हटलेलं नाही.

हे काम किती गरजेचं होतं ते त्याच वर्षाने दाखवलं. २००८ मध्येच स्वीडनमधल्या एका रुग्णात, जो आधी दिल्लीत उपचार घेऊन गेला होता, एक नवा प्रतिकार सापडला. त्याला एनडीएम-१ असं नाव पडलं, आणि त्यातल्या नवी दिल्लीच्या उल्लेखावरून आपल्याकडे मोठा वाद झाला. तोही प्लाझ्मिडवरच बसून हिंडतो. पुढे २०१९ सालासाठी जो जागतिक अंदाज निघाला, त्यात औषधांना दाद न देणाऱ्या जिवाणूंमुळेच झालेले मृत्यू १२ लाख ७० हजार धरले आहेत. आमचा रिपोर्ट त्याच गोष्टीचा एक कागद.

आता यकृत. २०१५ आणि २०१६ साली चीनमधल्या संशोधकांनी हेच कडू द्रव्य, बरोबर तेच, उंदरांना दिलं. उंदरांच्या यकृताला इजा झाली. चीनच्या पारंपरिक वैद्यकातही हा कंद वापरतात आणि त्याने माणसांची यकृतं बिघडल्याच्या नोंदी तिथे आधीपासून होत्या. आता तुम्ही विचाराल, पुण्यात पेशींना काही झालं नाही आणि चीनमध्ये उंदराला झालं, हे कसं? दोघेही खरं सांगतात. या द्रव्यात फ्युरान नावाची एक छोटी कडी असते. ती आपण होऊन निरुपद्रवी असते. पण यकृतात गेल्यावर, आलेलं परकं द्रव्य मोडायचं म्हणून यकृताची विकरं ती फोडतात, आणि त्या फोडण्यातूनच तिखट, चिकटून बसणारं विष तयार होतं. ते यकृताच्याच प्रथिनांना धरतं. विष कंदात तयार नव्हतं. ते आपल्या पोटात, आपल्याच अवयवाने तयार केलं. काचेच्या बशीतल्या पेशींजवळ यकृताची ती विकरं पुरेशी नसतात, म्हणून तिथे काही दिसत नाही. डॉक्टरीणबाईंना ही सगळी रसायनं पाठ नसतील, पण कंदाच्या चूर्णानंतर यकृत तपासायचं हे त्यांना बरोबर कळलं होतं. आमचा राग तेव्हा गेला, थोडा उशिराच.

त्याच चिनी गटाने आणखी एक केलं. फ्युरानची ती कडी रासायनिक क्रियेने बदलून टाकली आणि मग ते द्रव्य उंदरांना दिलं. इजा झाली नाही. म्हणजे विष नेमकं कुठे बसलंय ते कळलं. आता पुढचा प्रश्न कोणत्याही विज्ञानाच्या विद्यार्थ्याने विचारावा असा आहे: ती कडी बदलल्यावर जिवाणूंना नि:शस्त्र करण्याचा गुण टिकतो का? इथे बसलेल्या पोरापोरींपैकी कुणी हे काम हाती घेतलं तर आम्हाला फार आनंद होईल.

आता काल बाजारात काय झालं ते सांगतो. एका आजीबाईंच्या टोपलीत मटारू होते. आम्ही विचारलं, “आजी, हे जंगलातलं का?” त्या हसल्या. म्हणाल्या, “नाही गुरुजी, हे घरचं हाये, गोड. जंगलचं असतं तं असं नाही चालत. त्याचे काप करा लागते, राखेच्या पाण्यात शिजवा लागते, मंग रातभर वाहत्या पाण्यात ठेवा लागते. नाही तं बाधते.” आम्ही विचारलं, “कोणी सांगितलं?” म्हणाल्या, “कोणी सांगते का? सासूनं करताना पाह्यलं.”

आम्ही तिथेच थांबलो. कारण आजीबाईंनी दोन वाक्यांत तेच सांगितलं होतं जे शोधायला आम्हाला दोन वर्षं लागली. कंदाचा कडूपणा ज्या द्रव्यांमुळे येतो, त्यांतच यकृताला त्रास देणारी द्रव्यं आहेत. दुष्काळात, पावसाळ्यात, घरातलं धान संपल्यावर जंगलातल्या कंदांवर ज्यांनी दिवस काढले, त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या प्रयोग करून निकाल लावला होता: कडू ते पाण्यात सोडा, उरलेलं खा. आणि प्रयोगशाळा म्हणते, कडू तेच औषधाचा धागा. बघा, दोन्ही ज्ञानं एकाच द्रव्याभोवती फिरतात, एक त्याला टाकतं, एक त्याला उचलतं. पुडीवाले शेजारी मात्र या दोघांच्या मधल्या वाटेवर उभे होते: त्यांनी आजीबाईंचं धुणंही सोडलं आणि प्रयोगशाळेची मात्राही सोडली. फक्त कंदाचं नाव घेतलं.

चरकसंहितेच्या पहिल्याच अध्यायात याबद्दल एक विचार आहे. तिथे म्हटलं आहे की गुराखी, मेंढपाळ आणि वनात राहणारी माणसं वनस्पती नावाने आणि रूपाने ओळखतात. पण नुसतं नाव-रूप माहीत असणं म्हणजे वनस्पतीचं ज्ञान नव्हे, तिचा योग, म्हणजे कशी, किती, कोणाला, कधी द्यायची, हे कळलं पाहिजे. आम्ही हा विचार अनेक वर्षं वर्गात शिकवला. काल बाजारात त्यात एक दुरुस्ती करावीशी वाटली. आजीबाईंना नाव-रूपच नव्हे, योगही माहीत होता. खाण्याचा योग. औषधाचा योग मात्र त्यांच्याकडे नव्हता, आणि त्यांनी तसा दावाही केला नाही. आज नाव-रूपावर थांबणारे लोक जंगलात नाहीत, ते शहरात आहेत, आणि चूर्णाच्या पुड्या विकतात.

कुणी म्हणेल, मग वनस्पतीतून काही मिळतच नाही का? मिळतं. आपल्या या जिल्ह्यात मलेरिया काय असतो ते सांगायला नको. मलेरियाचा परजीवी क्लोरोक्विनला दाद देईना, तेव्हा चीनच्या तू योयो यांनी जुन्या चिनी ग्रंथातल्या एका नोंदीवरून चिंगहाओ या वनस्पतीतून आर्टेमिसिनिन काढलं. उकळल्याने गुण जातो हे त्या नोंदीवरून त्यांच्या लक्षात आलं, म्हणून त्यांनी कमी तापमानात अर्क काढला. हे १९७० च्या दशकाच्या सुरुवातीचं. २०१५ साली त्यांना नोबेल मिळालं. तिथेही कळीचा मुद्दा वनस्पतीचं नाव नव्हता, कृती होती. आणि तिथेही औषध एकट्याने द्यायचं नाही, जोडीने द्यायचं, हा धडा शेवटी घ्यावाच लागला. मलेरियाचा परजीवी जिवाणू नव्हे, हे खरं. दाद न देणाऱ्या जिवाणूंच्या बाबतीत अजून असं यश आलेलं नाही. वनस्पतीतून आलेला एकही रेणू पेनिसिलिनसारखा रोजच्या दवाखान्यात रुळलेला नाही. पण दारुहळद आणि कडू करांदा यांनी दिशा दाखवली आहे: वनस्पतीकडे जिवाणू मारण्याचं औषध मागू नका, जुनं औषध पुन्हा चालवणारा जोडीदार मागा.

शेवटी एक काम सुचवतो. जैविक विविधता कायदा २००२ सालचा आहे. त्याप्रमाणे गावोगाव लोकांची जैवविविधता नोंदवही करायची असते. आम्ही अशा काही नोंदवह्या पाहिल्या आहेत. त्यांत वनस्पतीचं नाव असतं, शास्त्रीय नाव असतं, आणि समोर ‘औषधी’ असा एक शब्द असतो. नाव-रूपावर थांबलेल्या वह्या. आमची विनंती अशी की त्या नोंदीत कृती लिहा. कडू कंदाचे काप किती जाड करतात, राख कोणत्या लाकडाची, पाणी वाहतं की साठलेलं, किती रात्री, कोणी खायचं नाही, गरोदर बाईला देतात का, लेकराला देतात का, बाधलं तर काय होतं. सांगणाऱ्या बाईचं नाव तिच्या संमतीने तिथे लिहा, कारण उद्या या कंदातून कुणी काही काढलं तर त्या ज्ञानावरचा हक्क दाखवायला तोच कागद उपयोगी पडेल. कायद्यात त्या लाभात वाटा द्यायची तरतूद आहे, पण ती मागायला आधी लिहून ठेवलेलं पाहिजे.

आणि घरात कुणाच्या रिपोर्टात आर, आर, आर आलं, तर कृपा करून चूर्णाची पुडी उघडू नका. डॉक्टरांनी दिलेलं औषध पूर्ण दिवस घ्या. सोबत काही घेतलं असेल तर लाजू नका, सांगा. आम्ही सांगायला चार दिवस लावले. तुम्ही पहिल्याच दिवशी सांगा.

आजीबाईंच्या सासूने केलेलं पाहून आजीबाई शिकल्या. त्यांची नातसून आता बहुधा तालुक्याला राहते आणि बाजारातून बटाटे आणते. राखेचं पाणी किती वेळ ठेवायचं हे विचारायला अजून माणूस आहे. उद्या सकाळी ती वही घेऊन कुणी बाजारात गेलं, तर आजचं आमचं बोलणं कामी आलं असं समजू.

इथे थांबतो.